फ्रिजवरचं कोपर

फ्रिजवर कोपर होतं. डावं, जरासं काळवंडलेलं, त्यावर लाकूड चिकटवायच्या गमाचा वाळलेला पांढरा ठिपका. फोटोच्या अगदी कडेला, कागद जिथे संपतो तिथे, ते कसंबसं अंग चोरून उभं होतं. बाकीचा सगळा फोटो तुऱ्याने व्यापलेला. दोन बोटं वर, बत्तीस दात बाहेर आणि कपाळावर तो केसांचा झुपका. हा झुपका जन्मापासून उभाच आहे. तेल, पाणी, कंगवा, आईचा हात, कशालाही त्याने कधी दाद दिली नाही. म्हणून नाव पडलं तुऱ्या. फोटो लिंबाच्या आकाराच्या चुंबकाने दाबला होता, आणि त्या लिंबाखाली कोपराचा निम्मा भाग गेला होता.

कोपराचा मालक रोज सकाळी दूध काढायला फ्रिजपाशी जायचा आणि रोज त्याच्या पोटात दुखायचं. डॉक्टरकडे जाऊन उपयोग नव्हता. हे दुखणं मेहुण्याचं होतं.

आता हा मालक कोण ते सांगायला हवं. वय त्रेचाळीस, बुटका, रुंद, मानेचा पत्ता नाही. पुढून बघा की मागून, कपाटच. धंदा दारं बसवण्याचा, म्हणून सगळे त्याला दारवाला म्हणतात. ओळंबा सोडून चौकट तपासायची, पटाशीने बिजागरीपुरती खाच पाडायची, खालच्या कडेवरून रंधा फिरवून नखभर जागा ठेवायची, हे तो इतक्या सावकाश करतो की घरमालकाला वाटावं, हा आता इथेच राहायला आलाय. दार बसलं की तीनदा उघडायचं, तीनदा लावायचं, डोळे मिटून. करकरलं तर पुन्हा रंधा. त्याने बसवलेलं दार आजवर कुणाकडे वाजलेलं नाही. त्यामुळे जिन्यातल्या कित्येक लोकांची, घरी कोण कधी आलं ते कळण्याची सोय गेली, पण ती तक्रार उघडपणे करता येत नाही.

त्याला एक खोड होती. ज्या दारातून किंवा दारावरून जाईल ते दार मागे लावायचंच, आणि नुसतं ढकलून नाही, कडी घालून. डोकं पुढच्या कामात, हात आपला मागे. बायको आंघोळीला गेली की बाहेरून कडी. एकदा सासूबाई वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेल्या. जावई दारावरून गेले, दार लावलं, कडी घातली आणि कामावर गेले. सासूबाई पाऊण तास बाल्कनीत. तेवढ्या वेळात त्यांनी खालून जाणाऱ्या अठरा माणसांना जावयाची कीर्ती सांगितली. त्यातले चार जण नंतर दारं बसवून घ्यायला आले, ही गोष्ट वेगळी.

लग्नही दारामुळेच जमलं. सतरा वर्षांपूर्वी तो तिच्या माहेरी न्हाणीघराचं दार बसवायला गेला होता. बिजागरीचे स्क्रू पिळेपर्यंत दुसरीकडून दार धरायला कुणीतरी हवं होतं. परीक्षेचा अभ्यास टाकून ती उठली आणि वीस मिनिटं ते जड दार धरून उभी राहिली. हात दुखला म्हणाली नाही, किती वेळ लागेल विचारलं नाही. दारवाल्याने तेव्हाच ठरवलं. पण तो मागणी घालायला गेला त्या दिवशी दहा वर्षांच्या तुऱ्याने बैठकीच्या खोलीत शीर्षासन घातलं, आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या त्या वळल्याच. होकार कुणी दिला, कधी दिला, दारवाल्याला आठवत नाही. त्याला आठवतात ते हवेतले दोन पाय. लग्नाच्या मोठ्या फोटोत ऐन क्षणी हा मुलगा उडी मारून पुढे आला. जिथे नवरदेवाचं तोंड हवं तिथे तुरा. त्या अल्बममध्ये नवरा शोधायचा तर बूट बघावे लागतात.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सुई टोचायचं काम करते. “मुंगी चावल्यासारखं होईल हं,” म्हणते आणि खरंच तेवढंच होतं. हा हलका हात ती घरी आणत नाही. घरी टोचते ते चांगलं खोल जातं. भाऊ मात्र तिचा जीव की प्राण. मुलगी शिकायला हॉस्टेलवर असते, ती फोन करते तेव्हा पहिलं वाक्य असतं, “मामा कसा आहे?” दुसरं वाक्य आईसाठी. बाबांचा नंबर लागेपर्यंत फोनची बॅटरी उतरते.

तर असा हा माणूस, बंदुकीच्या खेळात कसा शिरला? तुऱ्यानेच नेला.

तुऱ्या मोबाइलच्या दुकानात विक्रीच्या कामाला असतो आणि रविवारी दुपारी इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर असतो. तिथे दहा कॉम्प्युटर मांडून एका बाईंनी खेळघर थाटलंय. खालून इस्त्रीची वाफ फळ्यांच्या फटींतून वर येते, त्यामुळे तिथे खेळणारे घामाघूम असतात आणि त्यांचे कपडे मात्र कडक. मालकीणबाई काउंटरमागे बसून मोजे विणतात. माळ्याचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून तुऱ्या म्हणाला, “आमचे भाऊजी बसवतील.” भाऊजींनी दार बसवलं आणि गम वाळेपर्यंत थांबले. त्या दिवशी तुऱ्याच्या टीममधला एक जण आला नव्हता. टीमचे कप्तान म्हणजे मास्तर, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, वय एकसष्ट, कानांवर हेडफोन आणि नाकावर चष्मा. त्यांनी दारवाल्याला बोलावलं.

“तुम्ही असं करा, आतल्या खोलीत एक पेटी आहे. तिच्यापाशी थांबा. कुणी आलं तर येऊ देऊ नका.”

“किती वेळ?”

“तीन मिनिटं.”

“एवढंच? माझ्या गमाला चार तास लागतात.”

खेळ साधा आहे. पाच इकडचे, पाच तिकडचे. पडद्यावर एक भलंमोठं गोदाम, त्यात खोल्या, बोळ, दारं. राखणाऱ्यांनी पेटी सांभाळायची, चढाईवाल्यांनी ती उघडायची. तीन मिनिटं पेटी मिटलेली राहिली की राखणारे जिंकले. ज्याला गोळी लागली तो डाव संपेपर्यंत बाहेर. राखणाऱ्यांपैकी चौघं बोळांतून हिंडत शिकार करतात. पाचवा पेटीच्या खोलीत. त्याच्याकडे पुरुषभर उंच ढाल, आणि दारा-खिडक्यांवर ठोकायला फळ्या. एक बटण दाबून धरलं की पडद्यावरचे हात फळी ठोकतात, आणि ती फोडायला समोरच्याला दहा सेकंद लागतात.

ही पाचवी जागा कुणालाच नको असायची. दारवाला तिथे बसला आणि पुन्हा उठलाच नाही. कुठली फळी आधी, कुठली खिडकी उघडी ठेवायची म्हणजे येणारा तिकडूनच येईल, पावलं डावीकडच्या बोळात वाजली की उजवीकडच्या, सगळं त्याला दोन रविवारांत कळलं. सहा महिन्यांत त्याच्या नाकासमोरून पेटी फक्त दोनदा उघडली, आणि त्यातल्या एकदा त्याला शिंका येत होत्या. तुऱ्याचं बघून सगळी टीम त्याला भाऊजी म्हणायला लागली. मास्तरही. टीममधले, औषधाच्या दुकानातले दोघे मितभाषी भाऊ, जे एकमेकांशीही बोलत नाहीत, तेसुद्धा “भाऊजी, आत” एवढं म्हणायचे.

पण डाव संपला की पडद्यावर यादी यायची: कुणी किती पाडले. सर्वांत वर तुऱ्या. सर्वांत खाली भाऊजी, पुढे शून्य. यादीनंतर पडदा आपणहून सामन्यातला सर्वांत झकास क्षण पुन्हा दाखवायचा. तोही तुऱ्याचा. त्या क्षणात मागे कुठेतरी ढालीआड एक रुंद पाठ दिसायची. ती पाठ तिथे नसती तर तुऱ्याला इतकं निवांत नाचता आलं नसतं, पण हे सांगायला पाठीला तोंड नव्हतं.

आणि वर मालकीणबाईंचा नियम. सामना जिंकला की सर्वांत जास्त पाडणाऱ्याचा फोटो. त्यांच्याकडे जागच्या जागी कागद बाहेर काढणारा कॅमेरा आहे. एकच प्रत, ती त्या खेळाडूला. गेल्या दहा आठवड्यांत पाच फोटो तुऱ्याला मिळाले. त्याने ते उदारपणे वाटले. एक आईला, एक दुकानात, दोन कुणाला ते विचारू नका, आणि पाचवा ताईला. ताईने फ्रिजवर लावला. त्यात ते कोपर.

इथवर तरी दारवाल्याने गिळलं होतं. पण एका संध्याकाळी समोरच्या बाई विरजण मागायला आल्या. त्यांना विरजण नको होतं, फ्रिजवर काय नवीन लागलंय ते बघायचं होतं. दारवाला आतल्या खोलीत बनियन बदलत होता.

“हा माझा भाऊ,” बायको म्हणाली. “पहिला आला.”

“वा वा! आणि हे कडेला काय गं?”

“कुठे?”

“हे. लिंबाखाली.”

बायकोने वाकून बघितलं. “काय की. कुणाचं तरी कोपर दिसतंय.”

कुणाचं तरी! दारवाला अर्धा बनियनमध्ये, अर्धा बाहेर, तसाच उभा राहिला. सतरा वर्षांचा संसार, आणि बायकोला नवऱ्याचं कोपर ओळखू येऊ नये? तुऱ्याचा तर नुसता झुपका खिडकीतून दिसला तरी ती चहाला आधण ठेवते. त्याच्या अंगाचा असा तिळपापड झाला की बनियन उलटं घातलं गेलं, आणि ते दुसऱ्या दिवशी कामावर लोकांनी दाखवेपर्यंत कळलं नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस बघण्यासारखे होते. तुऱ्याने आणलेल्या चपला त्याला चावायला लागल्या. तुऱ्या हसला की त्याला दात मोजावेसे वाटायचे. जेवताना बायको म्हणाली, “तुऱ्या आला असता तर बरं झालं असतं,” तर हा म्हणाला, “का, मी खातोय ते कमी पडतंय?” आणि एका सकाळी न्हाणीघरातून इतका खरखर आवाज यायला लागला की बायको दाराशी गेली. हा पाय घासायच्या वजरीने कोपर घासत होता. डावं.

“अहो, काय चाललंय?”

“काही नाही. स्वच्छता.”

मग ठरली ती मोठी स्पर्धा. नदीपलीकडची टीम येणार, रविवारी दुपारी तीन वाजता, माळ्यावर. भिंतीवर मोठा पडदा लावणार, घरच्यांना बोलावणार. बायको म्हणाली, “मी येणार. कधी बघितलं नाही मी याला खेळताना.” याला म्हणजे कुणाला, हे दारवाल्याने विचारलं नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट घट्ट रुतली. या खेपेला फोटो आपला. पूर्ण. डोक्यापासून कमरेपर्यंत, दोन्ही कोपरांसकट, फ्रिजच्या मधोमध.

रविवारी माळ्यावर चाळीसेक माणसं दाटीने बसली. नदीपलीकडचे एकसारखे जांभळे शर्ट घालून आले होते, म्हणजे येण्याआधीच जिंकल्यासारखे. तीन डाव, दोन जिंकेल तो सरस. नाणेफेक जिंकून मास्तरांनी राखणं घेतलं, तिन्ही डाव. मोठ्या पडद्यावर जिथे धुमश्चक्री चालली असेल तिथलं चित्र दिसत होतं, म्हणजे जिथे तुऱ्या असेल तिथलं.

पहिला डाव. तुऱ्याने तिघांना पाडलं. एकाला जिन्यावरून उडी मारत, दुसऱ्याला वळता वळता, तिसऱ्याला कसं ते त्यालाही कळलं नाही. माळा दणाणला. तिसऱ्या रांगेत बायको उठून टाळ्या वाजवत होती, पर्स काखेतून घसरली तरी शुद्ध नव्हती. दारवाल्याने मान वळवून ते पाहिलं. त्या तीन मिनिटांत त्याने दोन दारं आणि एक खिडकी राखली होती. पडद्यावर त्यातलं काहीही दिसलं नव्हतं.

डाव जिंकला. दारवाला मास्तरांकडे गेला.

“मास्तर, पुढच्या डावात मी बाहेर जातो. तुऱ्या आत बसेल.”

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “का?”

“त्यांना सवय झालीय ना. मी बाहेर येईन असं त्यांना वाटणारच नाही.”

कारण इतकं बरं होतं की मास्तर विचारात पडले. दारवाल्याला वाटलं, तुऱ्या नको म्हणेल, मग भांडता येईल, मग मनातलं बोलता येईल. पण तुऱ्या म्हणाला, “झकास आयडिया! भाऊजी, तुम्ही जा, मी तुमची जागा सांभाळतो.” आणि वर पाठीवर थाप. मत्सर करायला निघालेल्या माणसाला समोरच्याचा चांगुलपणा किती जाचतो, ते त्या वेळी दारवाल्याच्या कानांच्या रंगावरून कुणालाही सांगता आलं असतं.

दुसरा डाव. दारवाला ढाल टाकून, फळ्या मात्र तशाच काखेत घेऊन बाहेर पडला. आणि खरंच, जांभळ्या शर्टांना ते अपेक्षित नव्हतं. पहिला बोळाच्या तोंडाशीच आडवा. दुसरा कोपऱ्यावर. मोठ्या पडद्यावर चित्र पळत दारवाल्याकडे आलं. दोन! आयुष्यात पहिल्यांदा दोन! “अरे, हे तर आमच्याकडे दार बसवायला आले होते,” कुणीतरी ओरडलं. दारवाल्याची छाती इतकी फुगली की हेडफोन घट्ट झाले. तो पुढच्या खोलीत शिरला, तिथून पुढच्या, तिथून बोळात. समोर एकदम तिघं उभे.

“समोर तिघं!” तो ओरडला.

“आलो भाऊजी, आलो!” तुऱ्या पेटी सोडून धावला. बसून राहणं त्याच्या रक्तातच नाही. धावला आणि धाडकन थांबला. समोर दार, दारावर फळ्या. व्यवस्थित, एकीला एक लागून, तीन.

“भाऊजी, दार!”

“लावलं, लावलं!”

“अहो, लावलंत म्हणूनच ओरडतोय!”

दारवाला बाहेर पडताना प्रत्येक दार मागे लावत गेला होता. डोकं शिकारीत, बोट आपलं बटणावर. आता फळ्यांच्या एका बाजूला तुऱ्या अडकला, दुसऱ्या बाजूला तो स्वतः. मागे सरकायला वाट नाही, ती त्यानेच ठोकून बंद केलेली. गोळ्या लागल्या आणि तो खाली पडला. त्यातला एक जांभळा खिडकीतून मागे गेला आणि त्याने दाराशी धडका देणाऱ्या तुऱ्याला पाठीत गोळी घातली. मास्तर आणि औषधवाले दुसऱ्या टोकाला होते; ते पोचेपर्यंत पेटी उघडली होती.

आणि हे सगळं मोठ्या पडद्यावर, दाराच्या दोन्ही बाजू दाखवत.

माळा हसून हसून लोटपोट. मालकीणबाईंच्या हातून मोज्याचे टाके निसटले. तुऱ्या चिडला असता तर बरं, पण तो खुर्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, “हे काहीच नाही! आमच्या आईला यांनी पाऊण तास बाल्कनीत कोंडलं होतं!” आणि ती सगळी कहाणी अभिनयासकट. लोक मांड्या थोपटायला लागले. तिसऱ्या रांगेत बायको तोंडावर हात धरून हसत होती, खांदे हलत होते. दारवाल्याने ते खांदे पाहिले. म्हणजे मरणारा तुऱ्याच, आणि मेल्यावर टाळ्या घेणाराही तुऱ्याच. याने दोघांना पाडलं होतं ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

मास्तर रागावले नाहीत. दोनच शब्द बोलले. “भाऊजी, आत.”

तिसरा डाव. दारवाल्याने दारं ठोकली, ढाल रोवली, पेटीला पाठ लावून बसला. बाहेर रणधुमाळी सुरू झाली. जांभळे आता तुऱ्याला ओळखून होते. पहिल्याच मिनिटात तिघांनी मिळून त्याला घेरून टिपलं, एकही पाडायच्या आत. औषधवाल्यांपैकी एकाने एक घेतला आणि दोघे भाऊ गारद झाले. मास्तरांनी दोघांना सावकाश, चित्र काढल्यासारखं पाडलं आणि मग स्वतः पडले. घड्याळात पन्नास सेकंद. तिकडचे दोन जिवंत. इकडचा एक.

आता पडद्याला दुसरं दाखवायला कुणी उरलंच नाही. चाळीस माणसांसमोर भिंतभर चित्र आलं ते असं: एक ढाल, ढालीवरून दिसणारं एक बंद दार. बस. काही हलत नाही.

“अडकलं का हो हे?” मागून कुणीतरी विचारलं.

दारवाल्याच्या डोक्यात मात्र हिशेब पळत होता. तुऱ्याचे तीन. आपले दोन. समोर दोघं. दोन्ही घेतले तर चार. फोटो आपला. डावीकडच्या फळ्यांच्या फटीतून त्याला एक जांभळा दिसत होता, पाठमोरा, बंदूक भरत असलेला. इतका जवळ आणि इतका सोपा, जणू ओल्या गमावर चिकटलेली माशी. ढाल सोडायची, दोन पावलं पुढे, गोळी. आवाजाने दुसरा खिडकीतून डोकावेल, त्यालाही गोळी. चुकलं तर पेटी गेली, सामना गेला. पण चुकलं नाही तर? फ्रिज डोळ्यांसमोर आला. मधोमध तो. लिंबू वरच्या कोपऱ्यात, कुठल्याही अवयवावर नाही.

त्याने बोट उचललं. गोळीच्या बटणाकडे नेलंही. तेवढ्यात उजवीकडच्या खिडकीतली फळी जरा कुरकुरली.

बोट वळलं. फळीचं बटण दाबून धरलं. ठक, ठक, ठक. डावीकडे फळी तडकली, बोट तिकडे. ठक, ठक. याला कुणी समंजसपणा म्हणेल, कुणी त्याग म्हणेल. म्हणू देत. दारवाला स्वतः आतल्या आत त्या बोटाला शिव्या घालत होता. अरे गोळी झाड, गोळी! बोटाने काही ऐकलं नाही. सैल दार दिसलं की ते तिकडेच जाणार. घड्याळ शून्यावर आलं तेव्हा दोन्ही जांभळे फळ्या फोडत होते, आणि पेटी मिटलेली होती.

माळा उठला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मालकीणबाईंनी कॅमेरा काढला, यादी पाहिली आणि म्हणाल्या, “तीन. तुऱ्या, ये.”

“भाऊजी, तुम्ही पण या ना!”

“नको. नियम म्हणजे नियम,” दारवाला म्हणाला. पण नको म्हणणाऱ्याने लांब जाऊन उभं राहावं ना? हा बरोबर एक वीत अंतरावर उभा राहिला.

तिघं घरी आली. बायकोने चहा टाकला, आणि जुना फोटो काढून त्या जागी नवा लावला. दारवाला घराच्या दारालगतच्या बोळात बुटांच्या नाड्या सोडत होता. दोन मिनिटांचं काम, पण स्वयंपाकघरातून आवाज येत होते, म्हणून नाड्या लांबल्या.

“ताई,” तुऱ्याचा आवाज. नेहमीचा नव्हता. “पहिल्या डावात मी तिघं पाडले तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास.”

“मग? हात लाल झाले माझे.”

“आणि शेवटच्या मिनिटाला?”

“तेव्हा काय?”

“मी मेलो होतो ना, मोकळाच होतो. तुझ्याकडे बघत होतो. तू पर्सचा पट्टा पिळत होतीस. तुटलाय बघ तो.”

“अगंबाई, खरंच की!” कप मांडल्याचा आवाज आला. “अरे, एकटेच होते ना ते आत.”

“पडद्यावर काहीच नव्हतं, ताई. एक दार होतं. लोक जांभया देत होते.”

“मला ते दार बघायची सवय आहे. लॅबमधून यायला उशीर झाला ना, की हे असेच बसलेले असतात. खुर्ची दाराकडे करून. विचारलं तर म्हणतात, बिजागरी तपासतोय.”

“माझ्यासाठी कधी तुझा पट्टा तुटला नाही.”

“तुझं काय रे, तू उड्या मारत सुटतोस कुठूनही. शीर्षासन घातलंस तेव्हा तरी कुठे घाबरले होते मी? मी तर दाराकडे बघत होते, हे उठून जातायत की काय म्हणून.”

बोळात नाडी हातात तशीच राहिली. सतरा वर्षं ज्या हवेतल्या दोन पायांनी झोप मोडली होती, ते पाय आत्ता कुठे खाली आले. आणि तुऱ्याच्या आवाजातली ती बारीक कळ! ती दारवाल्याला पाठ होती. रोज सकाळी फ्रिजपाशी उठायची तीच. त्याने ती चवीने, घोट घोट ऐकली. मोठ्या मनाचा माणूस अशा वेळी मेहुण्याची समजूत घालतो. हा अजून एक नाडी सोडत बसला.

तो आत आला तेव्हा तुऱ्याचा फोन वाजला आणि तुऱ्या बोलायला बाल्कनीत गेला. दारवाल्याने फ्रिज पाहिला. नव्या फोटोत तुऱ्या होताच, तोंडभर. पण कडेला या खेपेला आख्खं कोपर, वर खांदा आणि अर्धा कान. लिंबू तुऱ्याच्या दोन बोटांवर बसलं होतं.

“हे कुणाचं गं कोपर?” त्याने उगाच विचारलं.

“तुमचंच. वजरीने घासून दुसरं कोण इतकं लख्ख करतंय?” ती चहा गाळत म्हणाली. “आणि तो पट्टा उद्या शिवून आणा.”

“राहू दे,” दारवाला म्हणाला. “तुटलेलाच बरा आहे.”

त्याने तो पट्टा उचलून खिशात घातला, आणि बाल्कनीच्या दारावरून जाता जाता हात मागे गेला. कडी पडली. आवाज नाही, त्यानेच बसवलेलं दार. हात आपोआप गेला की कसा, हे समोरच्या बाईंनी नंतर फार खोदून विचारलं, पण त्याने पत्ता लागू दिला नाही.

काचेपलीकडे तुरा हलायला लागला.

“भाऊजी! दार!”

“लावलं, लावलं,” दारवाला म्हणाला, आणि चहाचा कप घेऊन फ्रिजसमोर उभा राहिला.